‘पगारी रजा’ या शब्दावरील संपादकीय टीप

१. ग्रंथकाराने येथे उल्लेखिलेली पगारी रजा फ्रान्समधील कामगारवर्गास २० जून १९३६ च्या कायद्याने प्रथम दोन आठवड्यांपुरती मिळाली व पुढे वाढत वाढत पाच आठवड्यांची झाली. परंतु साध्या दुखण्याचा काळ हिशेबात धरण्याची तरतूद नसल्यामुळे, घरच्या जिन्यावरून पडून ६ महिने अंथरुणास खिळलेल्या कारकुनाच्या खाती त्या मुदतीत रजेचा एक दिवसही जमा होत नसे, आणि हा, आमच्या मते, आजाऱ्यास दुहेरी दंडच होता. १३ सप्टेंबर २०२३ रोजी ‘कूर द कासास्यों’ या तेथील सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने युरोपीय संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेचा आधार घेऊन हा निर्बंध बाजूस सारला, तेव्हा कुठे कायदेमंडळाने २२ एप्रिल २०२४ च्या कायद्यान्वये अशा आजारपणात दरमहा २ दिवस, वर्षास कमाल २४, हा हिशेब मान्य केला. म्हणजे उपरोक्त कारकुनास आता १२ दिवस मिळतात, कामावर असता तर १५ मिळाले असते. तो रुजू झाल्यावर शिल्लक रजेचा आकडा व ती उपभोगण्याची मुदत महिन्याच्या आत त्यास कळविणे मालकावर बंधनकारक आहे.