तमाशाला परवानगी कोण देते? संहिता, रात्री दहाची वेळ आणि जाहिरातीच्या नियमांत अडकलेला फड

गावच्या जत्रेतला तमाशा रात्रभर चालायचा, ही आठवण आता जुन्या पिढीपुरती उरली आहे. आज फड गावात येण्याआधी परवानग्यांची कागदपत्रे हिंडतात. खेळ केव्हा सुरू करायचा, भोंगा किती वाजता बंद करायचा आणि फलक कुठे लावायचा, हे सगळे त्यावरून ठरते. संगमनेरसारखे तमाशाचे जुने ठिकाण असलेल्या अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात हा प्रश्न अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे. हे नियम आले कुठून आणि कलाकारांची तक्रार नेमकी काय आहे?

अनंत फंदींची गोष्ट काय आहे?

शाहीर अनंत फंदी (1744-1819) संगमनेरचे. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. ब्राह्मणाने तमाशा करावा हे अहिल्याबाई होळकरांना पटले नाही. त्यांनी समजावल्यावर फंदींनी डफ टाकला आणि ते कीर्तनाकडे वळले. आज जिल्ह्याला ज्यांचे नाव आहे त्या अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा.

गोष्ट खरी असो वा रचलेली, कोणती कला प्रतिष्ठेची आणि कोणती कमी दर्जाची हे कलाकाराबाहेरच्या कुणीतरी ठरवायचे, हा वाद तिच्यात दिसतो. पुढे हे काम सरकारकडे गेले.

तमाशा कायद्याच्या कक्षेत कसा आला?

इंग्रज सरकारने 1876 मध्ये नाट्यप्रयोग कायदा केला. राजद्रोही किंवा अश्लील वाटणारा प्रयोग थांबवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर 1910 मध्ये बंदी आली ती याच कायद्याने. हा केंद्रीय कायदा 2018 मध्ये रद्द झाला.

राज्याचे नियंत्रण मात्र कायम राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली होती. पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा सुरू झाले. 1951 च्या पोलीस कायद्याच्या कलम 33 मध्ये मेळे आणि तमाशे यांचा नावानिशी उल्लेख आहे. करमणुकीच्या प्रयोगांना परवाना देणे, त्यांच्या वेळा ठरवणे आणि सरकारी मंडळाकडून संहितेची आधी तपासणी करणे, यासाठी नियम करण्याची तरतूद त्यात आहे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हे अधिकार आयुक्तांकडे, तर इतर भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे असतात.

संहिता तपासण्यात अडचण काय?

नाटक आधी लिहिले जाते. तमाशाचे तसे नाही. गण आणि गौळण ठरलेली असते, वगाची कथाही ठाऊक असते. बतावणीचा मोठा भाग मात्र समोरचा प्रेक्षक पाहून रंगतो. सोंगाड्या त्याच गावातला रस्ता, त्याच गावचा सरपंच आणि चालू भाव विनोदात ओढतो. सवाल-जवाबातही हजरजबाबीपणाला महत्त्व असते.

आता यातला कोणता मजकूर मंडळाला आधी दाखवायचा? सगळे लिहून दिले तर बतावणीतला जिवंतपणा जातो. न लिहिता बोलले तर 'मंजूर संहितेत हे नव्हते' असा आक्षेप घ्यायला जागा राहते. लिखित नाटकासाठी बेतलेला नियम तोंडी कलेला अंगाबाहेरच्या सदऱ्यासारखा होतो.

रात्री दहाच्या नियमाने काय बदलले?

ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणासमारंभासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे.

आजारी माणसे, लहान मुले आणि परीक्षेला बसलेले विद्यार्थी यांच्यासाठी या नियमाची गरज आहे. पण तमाशाची रचना पाहिली की कलाकारांची अडचण कळते. दिवसभराची जत्रा आणि जेवणे उरकून लोक फडापुढे जमेपर्यंत बराच उशीर होतो. गण, गौळण, बतावणी झाल्यावर शेवटी येतो वग. वेळ संपली की सर्वांत आधी कात्री लागते ती वगाला. अभिनयाचा खरा कस लागतो तोही तिथेच. मग तमाशा म्हणजे नुसती गाणी आणि नाच, असा समज पसरतो आणि त्याच समजावर पुन्हा अश्लीलतेचा आरोप उभा राहतो.

स्वतःचे नाव सांगणे ही जाहिरात की कलेचा भाग?

शाहिरी परंपरेत कवी शेवटच्या चरणात स्वतःचे नाव गुंफतो. तिला नाममुद्रा म्हणतात. छापखाना नसताना रचना कुणाची हे टिकवण्याचा तोच मार्ग होता. फडही मालकाच्या किंवा मुख्य कलावतीच्या नावाने ओळखला जातो. नाव लोकांच्या कानावर नसेल, तर सुपारी मिळत नाही.

संगमनेर ज्या पुणे-नाशिक रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर पुणे जिल्ह्यातले नारायणगाव लागते. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येऊन जत्रेसाठी फड ठरवतात. राहुटीबाहेरचा मोठा फलक हीच फडाची ओळख असते. पण गावोगावी भिंतींवर विनापरवाना जाहिराती लावण्याला मालमत्ता विद्रूपीकरणाचा 1995 चा राज्य कायदा आडवा येतो. गाडीवर भोंगा लावून दवंडी द्यायची तर त्यालाही परवानगी लागते. मोठ्या कंपनीला वर्तमानपत्रात पानभर जाहिरात परवडते, फडाकडे भिंत आणि भोंगाच असतो. त्यामुळे एकच नियम दोघांना सारखा लागू असला, तरी त्याची झळ सारखी बसत नाही.

कलाकारांनी दाद मागितली का?

तमाशाचे फड क्वचितच न्यायालयात जातात. रोज नव्या गावी मुक्काम असलेल्यांना तारखा परवडत नाहीत. रंगभूमीवरच्या लोकांनी मात्र ही लढाई लढली. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'चे प्रयोग 1972 मध्ये अडवले गेले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. संहितेची पूर्वतपासणी ही पद्धतच घटनेच्या विरोधात आहे, असे म्हणत अमोल पालेकरांनी 2016 मध्ये याच न्यायालयात याचिका दाखल केली.

मग नियमच नकोत का?

तसे कलाकारही म्हणणार नाहीत. गर्दीत भांडणे होतात, दगड येतात, कलावतींना त्रास दिला जातो. अशा वेळी फडालाच पोलीस बंदोबस्त हवा असतो.

परवानगी नाकारली तर कारण लेखी मिळावे, आधीचा अर्ज वेळेत निकाली निघावा आणि दाद मागायला जवळचे ठिकाण असावे, एवढ्या गोष्टींनी बरेच काही सोपे होईल. कारण फडाचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो. जत्रेची तारीख उलटल्यावर आलेला होकार नकाराइतकाच निरुपयोगी ठरतो. 2020 मध्ये टाळेबंदीने जत्रा बंद पडल्या, तेव्हा एक हंगाम बुडणे म्हणजे काय हे सगळ्या फडांनी अनुभवले. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचे संगमनेरमध्ये निधन झाले. असे कलाकार घडतात ते वगात. त्यामुळे नियम लावताना वगाला किती वेळ उरतो, हेही मोजायला हवे.