व्हिनेगरच्या घराण्यातली फरशी

बाथरूममध्ये लॅमिनेट फ्लोअरिंग चालेल का, असं दुकानात विचारलं की ‘वॉटर रेझिस्टंट आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. मला विचाराल तर उत्तरासाठी या फरशीचं कूळ पाहावं लागतं, आणि ते निघतं थेट व्हिनेगरच्या कारखान्यात.

दक्षिण स्वीडनमधलं पेर्स्टॉर्प हे बीच नावाच्या झाडांच्या जंगलांतलं गाव. १८८१ साली विल्हेल्म वेंड्ट यांनी तिथे कारखाना काढला. बीचचं लाकूड बंद भट्टीत तापवायचं आणि त्यातून व्हिनेगरचं ॲसिटिक ॲसिड मिळवायचं. असं लाकूड तापवलं की कोळसा, डांबर आणि मिथेनॉलही हाती येतं. मिथेनॉलपासून फॉर्मॅल्डिहाइड होतं, फॉर्मॅल्डिहाइडपासून रेझिन, आणि रेझिनमध्ये भिजवलेले कागद एकावर एक ठेवून तापवून दाबले की लॅमिनेट. कारखाना या वाटेने एकेक पायरी चढत गेला. १९५८मध्ये त्याने ओट्या-टेबलांसाठी काढलेल्या लॅमिनेटच्या पत्र्यावरची ‘वीर्वार’ ही गिचमिड रेघांची नक्षी स्वीडिश राजपुत्र सिग्वार्ड बर्नाडोट यांची. १९७७मध्ये याच कंपनीने लॅमिनेटची फरशी शोधली आणि १९८४मध्ये ‘पेर्गो’ नावाने ती बाजारात आली.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की लॅमिनेट अमेरिकेचं. वेस्टिंगहाउसमधल्या ओकॉनर आणि फेबर यांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला ते बनवलं आणि १९१३मध्ये फॉर्मायका कंपनी काढली. हे खरंच आहे. पण ओट्यावरचा पत्रा बनवणारे जगभर होते, तरी तो पायाखाली घ्यायचं पेर्स्टॉर्पलाच सुचलं. माझा तर्क असा, की इतरांच्या दृष्टीने लॅमिनेट हा शोभेचा पत्रा होता. रसायनातून वर आलेल्या या लोकांना तो रेझिनचा एक उपयोग वाटत होता, आणि उपयोग पुढे वाढवता येतो. मग ‘वीर्वार’नंतर जवळजवळ वीस वर्षं का लागली? कारण ओट्यावर सुरी फिरते, जमिनीवर चपलेखालची रेती रोज घासते. म्हणून तर फरशीच्या वरच्या पारदर्शक थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण घालतात.

बाथरूमचा निकालही याच रसायनात आहे. दुकानातून नमुन्याचा एक तुकडा आणा. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाका, तो तसाच गोल उभा राहील. आता कापलेली तपकिरी कड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी ती फुगलेली दिसेल, वरच्या थराचा काठ उचललेला असेल, आणि वाळल्यावरही ती पूर्ववत होणार नाही. वर मेलामाइन-फॉर्मॅल्डिहाइड आहे, पाण्याला दाद न देणारं. आत दाबून बसवलेले लाकडाचे तंतू म्हणजे एचडीएफ, आणि ते बहुधा युरिया-फॉर्मॅल्डिहाइडने धरलेले. एकाच आईची ही दोन मुलं, पण दुसऱ्याची पकड ओलाव्यात सैल होते आणि दाबलेले तंतू पाणी पिऊन सुटतात.

सगळा दोष एचडीएफवर टाकणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. माझ्या मते निम्मा दोष सांध्याचा आहे. सुरुवातीला पट्ट्या गोंदाने जोडत, आणि तो गोंद फटही बुजवत असे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या व्हेलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिनने क्लिकचा सांधा आणला. काम झटपट झालं, पण गोंद गेला. आताचे चांगले सांधे घट्ट असतात, कडांना मेणही लावलेलं असतं, तरी ‘२४ तास पाणी चालेल’ हा दावा सांडलेल्या पाण्यापुरता आहे, रोज साचणाऱ्या पाण्यासाठी नाही.

खुद्द स्वीडनमध्येही न्हाणीघराच्या जमिनीला जलरोधक थर आणि ट्रॅपकडे उतार लागतो, तिथे लॅमिनेट घालत नाहीत. आपल्याकडे तर बादलीने अंघोळ, तिथेच कपडे धुणं आणि भिंतीपर्यंत उडणारं पाणी. लॅमिनेटच्या पट्ट्या सपाट जमिनीवर तरंगत्या, म्हणजे खाली न चिकटवता, बसवतात आणि भिंतीलगत प्रसरणासाठी आठ-दहा मिलिमीटर फट सोडतात. पाणी आधी तिथेच शिरणार. पाहुण्यांसाठीचा कोरडा टॉयलेट असेल, फक्त कमोड आणि बेसिन, तर ओल्या जागेसाठी म्हणून कंपनीने लेखी हमी दिलेलीच पट्टी घ्या आणि ती फट सिलिकॉनने भरून घ्या. लाकडाचाच भास हवा असेल तर एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक यांची पट्टी, विचारा, ती फुगत नाही. पण सांध्यातून खाली गेलेलं पाणी तीही अडवत नाही, म्हणून खालचं वॉटरप्रूफिंग सोडू नका. अंघोळीच्या जागेत मात्र खडबडीत टाइलच बसवा, नहाणी ट्रॅपकडे नीट उतार देऊन.