दोन माणसांच्या पायांत धरलेला स्टोव्ह

१७८९ साली दक्षिण प्रशांत महासागरात ‘बाउंटी’ या जहाजावर बंड झाले आणि कप्तान विल्यम ब्लाय याला १८ सहकाऱ्यांसह २३ फुटांच्या एका उघड्या होडीत सोडून देण्यात आले. तोफुआ बेटावर त्यांतला एक मारला गेला. उरलेल्यांनी तिमोरपर्यंतचे सुमारे ३,६०० सागरी मैलांचे अंतर कापले. या प्रवासात होडीवर चूल पेटली नाही. मोजून दिलेला पाव, चमचाभर रम आणि हाताने पकडलेले समुद्रपक्षी, तेही कच्चेच. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर उतरल्यावर ब्लायने भिंगाने विस्तव केला आणि एका तांब्याच्या भांड्यात कालवे शिजवली. होडीत विस्तव नसणे म्हणजे काय, हे त्या माणसांना त्या दिवशी नेमके कळले असावे.

मोठ्या जहाजांनी हा प्रश्न विटांच्या बळावर सोडवला होता. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’च्या तळाशी विटांच्या चुली आणि प्रचंड कढया सापडल्या. १६२८ मध्ये बुडालेल्या स्वीडनच्या ‘वासा’वरही स्वयंपाकाची जागा तळातच, विटांनी बांधलेली. पुढे लोखंडी चुली आल्या. अलेक्झांडर ब्रोडीने १७८० साली पेटंट घेतलेली चूल नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’वर होती. तरीही तोफा डागण्याची वेळ आली किंवा वादळ उठले की पहिली आज्ञा सुटे ती चूल विझवण्याची. लाकूड, डांबर, दोरखंड आणि दारूगोळा यांनी भरलेल्या जहाजात निखारा हा शत्रूइतकाच भयंकर होता.

अरबी समुद्रातली रीत याहून साधी होती. गलबतावर वाळू किंवा माती भरलेली पेटी ठेवून तिच्यात लाकडे पेटवायची. वाळू उष्णता शोषते, फळ्या वाचतात, आणि उडालेला निखारा विझवायला तीच हाताशी असते. मात्र ही चूल उघड्या डेकवरची. मोसमी वाऱ्याच्या हिशेबाने प्रवास करणाऱ्यांना ती पुरत असे; सतत लाटा अंगावर घेणाऱ्या छोट्या होडीला ती निरुपयोगी होती. विटांचे वजन तर अशा होडीला मुळीच पेलवणारे नाही.

उत्तर आले ते स्टॉकहोममधून. १८९२ साली फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने वात नसलेला रॉकेलचा स्टोव्ह घडवला आणि त्याला नाव दिले ‘प्रायमस’. मराठी घरांत तो इतका रुळला की त्याची कृती सांगण्याची गरज दोन पिढ्यांपूर्वी भासली नसती. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट जाळून बर्नर तापवायचा, टाकीत पंपाने हवा भरायची. दाबाने वर चढलेले रॉकेल तापलेल्या नळीत वाफ होते आणि बारीक छिद्रातून बाहेर येऊन निळ्या ज्योतीने जळते. काजळी नाही आणि उष्णता भरपूर. छिद्र तुंबले की पिन मारायची. बर्नर पुरता तापला नसेल तर मात्र वाफेऐवजी द्रव रॉकेल उसळते आणि पिवळ्या ज्वाळेचा लोळ उठतो. (‘स्टोव्हचा भडका उडून’ हे शब्द मराठी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे छापले. त्या प्रत्येक मृत्यूला स्टोव्हच कारण होता असे मात्र नाही.)

रॉकेलचा खरा गुण वेगळाच आहे. सांडलेले पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही वाफ सोडते आणि एका ठिणगीने पेटते. सांडलेले रॉकेल थंड हवेत सहजी पेट घेत नाही. सतत हेलकावणाऱ्या जागेत तेल कधी ना कधी सांडणारच, हे गृहीत धरले की या एका गुणाचे मोल लक्षात येते. १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडताना नान्सेनने स्पिरिटवर अन्न शिजवले होते. १८९५ मध्ये ‘फ्राम’ सोडून योहानसेनसह उत्तर ध्रुवाकडे निघताना त्याने प्रायमस नेला.

या स्टोव्हची कठोर परीक्षा झाली ती १९१६ मध्ये. शॅकल्टनचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज अंटार्क्टिकच्या बर्फात चिरडून बुडाले होते आणि २८ माणसे एलिफंट बेटाच्या निर्जन किनाऱ्यावर पोहोचली होती. मदत आणायची तर सुमारे ८०० मैलांवरचे साउथ जॉर्जिया गाठणे हाच मार्ग होता. ‘जेम्स केअर्ड’ ही होडी साडेबावीस फुटांची, म्हणजे ब्लायच्या होडीहून किंचित आखूडच. २४ एप्रिलला सहा जण निघाले. सामानाची यादी शॅकल्टनने लिहून ठेवली आहे : दोन प्रायमस, त्यांचे सुटे भाग आणि पिना, साडेसहा गॅलन रॉकेल, स्पिरिटचा एक डबा, ३० आगपेट्या आणि नान्सेनच्या पद्धतीचे अ‍ॅल्युमिनियमचे भांडे. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून दोन स्टोव्ह. इतक्या लहान होडीत एकेका वस्तूसाठी जागेचा हिशेब करावा लागत असता केलेली ही निवड आहे.

स्वयंपाकाचे काम टॉम क्रीनकडे होते. कोकणी खलाशांच्या बोलीत सांगायचे तर तो या होडीचा भंडारी. एरवी तो मोहिमेतला अधिकारी. सुताराने खोकी, घसरगाड्यांच्या पट्ट्या आणि कॅनव्हास जोडून होडीला कसेबसे छत केले होते. त्याखाली ताठ बसताही येत नसे. क्रीन आणि फ्रँक वर्स्ली समोरासमोर बसत, पाठी होडीच्या दोन बाजूंना टेकवत आणि पेटता स्टोव्ह पायांच्या मध्ये दाबून धरत. होडी उसळली की भांडे चटकन उचलायचे, ती खाली बसली की पुन्हा ठेवायचे. स्टोव्ह ठेवायला स्थिर जागाच नव्हती. ती जागा दोन माणसांनी आपल्या देहांची केली.

भांड्यात गोमांस, चरबी, ओटचे पीठ, साखर आणि मीठ यांच्या शिधावड्यांचे दाट कालवण शिजे. त्याला ‘हूश’ म्हणत. झोपण्याच्या पिशव्यांतून गळणारे रेनडिअरचे केसही त्यात पडत, आणि ते सगळे तसेच उकळते गिळले जाई. दुपारी आणि संध्याकाळी पेलाभर गरम दूध, रात्रीच्या पाळीला पुन्हा एकदा. वर्स्लीने एक बारकावा नोंदवला आहे. कोणी थंडीने फार गारठला आहे असे दिसले की शॅकल्टन लगेच सर्वांसाठी गरम दूध करायला सांगे. एकट्याला दिले असते तर आपण खचत चाललो आहोत हे त्या माणसाला कळले असते. अर्थात ही युक्ती तेव्हाच चाले, जेव्हा स्टोव्ह हुकमी पेटत असेल.

१० मे रोजी होडी साउथ जॉर्जियाला लागली. सहाही जण जिवंत होते. एलिफंट बेटावरचे २२ जण ३० ऑगस्टला सुखरूप परत आणले गेले. ब्लायची माणसे चुलीवाचून जगली हे खरे. पण ती उष्ण कटिबंधात होती. दक्षिणेच्या त्या गोठवणाऱ्या समुद्रात, सतत ओल्या कपड्यांत सोळा दिवस थंड अन्नावर काढून कोणी तग धरला असता, असे मानणे कठीण आहे.

विसाव्या शतकात हौशी नौकानयन वाढले, तेव्हा पायांचे काम कड्यांनी घेतले. होकायंत्र सपाट राहावे म्हणून शतकानुशतके वापरात असलेली झुलती बैठक स्टोव्हला मिळाली. होडी कलली तरी भांडे पातळीत राहते आणि भोवतीचा कठडा त्याला सरकू देत नाही. तरीही उकळते पाणी उडतेच. म्हणून खवळलेल्या समुद्रात जाणते खलाशी स्वयंपाक करताना जलरोधक विजार घालतात.

इंधनाचा वाद मात्र मिटला नाही. अमेरिकेत स्पिरिटच्या स्टोव्हला पसंती मिळाली, कारण स्पिरिट पाण्यात मिसळते, तेव्हा आग पाण्याने विझेल असा तर्क होता. प्रत्यक्षात अपुरे पाणी ओतले तर जळते स्पिरिट पाण्यावर स्वार होऊन पसरते. शिवाय त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, आणि तेवढ्याच रॉकेलच्या मानाने उष्णता सुमारे दोन-तृतीयांश. स्टोव्ह विझला समजून त्यात स्पिरिट ओतणे ही त्यातली सर्वांत जीवघेणी चूक.

मग गॅसचा सिलिंडर आला आणि पंप, पिन, वाटी सारे एका फटक्यात कालबाह्य झाले. पण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळती झाली तर दार उघडून तो बाहेर काढता येतो. होडीला मात्र खाली दार नसते. ती म्हणजे कडेने बंद असलेली परात. गळलेला गॅस तळाशी उतरतो, पाण्यासारखा साचतो आणि इंजिन सुरू करताना उडालेल्या एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर आतून हवाबंद अशा वेगळ्या कप्प्यात ठेवतात, त्या कप्प्याच्या तळाला थेट समुद्राकडे उघडणारे भोक असते आणि गॅसची चाहूल घेणारे यंत्र छताला न बसवता तळाजवळ बसवले जाते. स्वयंपाक आटोपला की अनेक नाविक आधी शेगडीची कळ फिरवत नाहीत. ते सिलिंडरवरची झडप बंद करतात, नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेपर्यंत तिथेच उभे राहतात आणि मग शेगडी बंद करतात.