मारुती ८००

मारुती ८०० ही जपानमधील सुझुकी कंपनीच्या आराखड्यावर आधारित, भारतात १९८३ ते २०१४ या काळात उत्पादित झालेली छोटी हॅचबॅक मोटार होय. मारुती उद्योग (नंतरचे नाव मारुती सुझुकी इंडिया) या कंपनीच्या हरियाणातील गुडगाव येथील कारखान्यात तिची निर्मिती होत असे. तीस वर्षांत अशा २८ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

पार्श्वभूमी

१९८० पूर्वी भारतातील मोटारींचे उत्पादन सरकारी परवान्यांनी मर्यादित केलेले होते. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर आणि मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांचे बाजारपेठेवर वर्चस्व होते. पद्मिनीची निर्माती प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली होती. दोन्ही गाड्यांचे आराखडे १९५०–६० च्या दशकांतील युरोपीय मोटारींचे होते आणि गाडी मिळण्यासाठी ग्राहकांना दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागे.

संजय गांधी यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली मारुती लिमिटेड ही कंपनी अयशस्वी ठरल्यावर केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली व १९८१ मध्ये मारुती उद्योगाची स्थापना केली. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि या जपानी कंपनीला २६ टक्के भागभांडवल मिळाले.

इतिहास

१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीचे हरपाल सिंग यांना पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्या. आरंभीच्या गाड्या जपानहून आणलेल्या भागांची जुळणी करून तयार होत. पुढे देशी सुट्या भागांचे प्रमाण वाढत गेले. १९८६ मध्ये सुझुकी अल्टोच्या दुसऱ्या पिढीवर आधारित, अधिक गोलाकार बांधणीची आवृत्ती आली. हेच रूप किरकोळ बदलांसह अखेरपर्यंत टिकले. १९८७ मध्ये हंगेरीला ५०० गाड्या निर्यात झाल्या.

तांत्रिक रचना

गाडीत ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेचे, तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आडवे बसवलेले असे आणि शक्ती पुढील चाकांना मिळे. वजन सुमारे ६५० किलोग्रॅम असल्याने जेमतेम ३७ ते ३९ अश्वशक्तीचे इंजिन शहरी वापरास पुरेसे ठरे व इंधनाची बचत होई.

या रचनेची मर्यादा घाटांत जाणवे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असल्यामुळे अशा इंजिनाची शक्ती दहा टक्क्यांहून अधिक घटते. तसेच कार्ब्युरेटरमधील मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. त्यामुळे पूर्ण भरलेली गाडी पसरणी किंवा आंबेनळी घाट चढताना खालच्या गिअरमध्ये चालवावी लागे. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपण पद्धती आल्यावर मिश्रणाचे नियंत्रण सुधारले.

परिणाम

दुचाकीवरून प्रवास करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांना या गाडीमुळे मोटार आवाक्यात आली. सुट्या भागांचे अनेक नवे कारखाने तिच्याभोवती उभे राहिले. याउलट, जुन्या उत्पादकांची पीछेहाट झाली. पद्मिनीचे खासगी ग्राहक घटत गेले व एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले; मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मात्र ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत राहिली.

उत्पादनाची समाप्ती

२००४–०५ मध्ये मारुतीच्याच अल्टोने विक्रीत मारुती ८०० ला मागे टाकले. एप्रिल २०१० पासून देशातील १३ शहरांत भारत स्टेज ४ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती. जुन्या इंजिनात त्यानुसार बदल करण्याऐवजी कंपनीने या शहरांतील विक्री बंद केली. सातारा व सांगली ही शहरे त्या यादीत नव्हती. अशा रीतीने ही गाडी एकाच वेळी नव्हे, तर मोठ्या शहरांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने बाजारातून गेली. १८ जानेवारी २०१४ रोजी तिचे उत्पादन पूर्णपणे थांबवण्यात आले.