मेलबर्नला न पोहोचलेला गुडघा

२३ जुलै १९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकतात. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभे केलेले सात हजार रुपये, परतल्यावरची बैलगाड्यांची मिरवणूक, हे सारे आपल्याला पाठ आहे. कथा बहुधा तिथेच थांबवली जाते. पण खाशाबा तेव्हा अवघे २६ वर्षांचे होते. मग पुढच्या ऑलिंपिकचे काय झाले?

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. डोळ्यांसमोर १९५६ चे मेलबर्न होते. त्याआधीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्न हुकले. ऑलिंपिकच्या मॅटवर ते पुन्हा उतरले नाहीत.

अशा प्रसंगी आपण ‘दैव’ म्हणून मोकळे होतो. इतिहासाने मात्र विचारले पाहिजे की त्या काळी दुखावलेल्या गुडघ्यासाठी वैद्यकाच्या हाती होते तरी काय?

फार थोडे. गुडघ्यात दोन हाडांमध्ये अर्धचंद्राकृती कूर्चेच्या दोन गाद्या असतात. गादी फाटली की सांधा उघडून ती सबंध काढून टाकणे हा तेव्हाचा रूढ उपचार होता. ही गादी निरुपयोगी आहे, असाच समज होता. खाशाबा लंडनमध्ये सहावे आले त्याच वर्षी, १९४८ मध्ये, फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने दाखवून दिले की गादी काढलेला सांधा पुढे झिजू लागतो. हा इशारा पचायला काही दशके लागली. तुटलेला अस्थिबंध नव्याने बांधण्याचा प्रयोग हे ग्रोव्हज यांनी १९१७ मध्येच केला होता, पण तो सर्रास होण्यास पुष्कळ अवकाश होता. त्यात शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे प्लॅस्टरमध्ये जखडलेला असे. तो बाहेर येई तेव्हा मांडीचे स्नायू पार वाळलेले असत.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आणखी एक गुडघा गाजत होता. डेनिस कॉम्प्टन आपल्यालाही परका नाही. महायुद्धाच्या काळात तो होळकर संघाकडून खेळला आणि १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याच्या गुडघ्याची वाटीच काढून टाकण्यात आली. ऑगस्ट १९५६ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ९४ धावा काढल्या. म्हणजे पुनरागमन अशक्य नव्हते. परंतु फलंदाज आपले पाऊल थोडे आखूड करू शकतो (कॉम्प्टनचे धावणे तसेही जोडीदारांना धडकी भरवणारे होते). मल्लाला ती सवलत नाही. पाय रोवून शरीर पिळायचे, प्रतिस्पर्ध्याचे वजन त्याच पायावर झेलायचे. दुबळा गुडघा समोरच्याला पहिल्याच पकडीत कळतो.

वाट उघडली ती टोकियोत. ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले होते. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून पाहत गादीचा केवळ फाटलेला भाग काढला. रुग्ण १७ वर्षांचा होता. सहा आठवड्यांत तो पुन्हा बास्केटबॉल खेळू लागला. मेलबर्ननंतर फक्त सहा वर्षांनी!

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, म्हणजे ‘घाटी’ची, स्थापनाही १९५६ चीच. खाशाबांचे ऑलिंपिक हुकले त्या वर्षी मराठवाड्यात डॉक्टर घडवण्याची नुकती सुरुवात होत होती. आज याच शहरात, विद्यापीठाच्या परिसरात, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला आता साधारण नऊ महिने तरी थांबवतात आणि दोन्ही पायांची ताकद मोजूनच मैदानात सोडतात.

तीच कुस्ती, तोच सांधा. ऑगस्ट २०२३ मध्ये विनेश फोगाटच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. ६ ऑगस्ट २०२४ रोजी, वर्ष पुरे होण्याआधी, पॅरिसमध्ये तिने गतविजेत्या युई सुसाकीला हरवले आणि अंतिम फेरी गाठली. पुढे शंभर ग्रॅम वजन आडवे आले, पण गुडघा टिकला होता.

जिद्द खाशाबांकडेही कमी नव्हती. गहाण पडलेल्या घराच्या पैशांवर हेलसिंकी गाठणाऱ्याला जिद्द कोण शिकवणार? ते पोलीस दलातच राहिले, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात गेले. त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा वातानाबेंची दुर्बीण जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत पोहोचून कितीतरी वर्षे लोटली होती.