ट्रकचालकाचा मोबाईल आणि एका बटणाचा नियम

अमेरिकेत आंतरराज्य मालवाहतूक करणाऱ्या ट्रकचालकाला गाडी चालवताना फोन लावायचा किंवा घ्यायचा असेल, तर त्याने जास्तीत जास्त एकच बटण दाबायचं, असा केंद्रीय नियम आहे. फोन हातात धरायचा नाही. तो घेण्यासाठी सीट बेल्ट लावलेल्या जागेवरून वाकायचं किंवा सरकायचंही नाही. पण फोन समोर स्टँडला असेल आणि एका बटणात उचलता येत असेल, तर बोलणं कितीही वेळ चालू द्या, त्याला मनाई नाही.

वाचून प्रश्न पडतो ना? धोका नक्की कशात आहे, बटण दाबण्यात की बोलण्यात? या नियमाचा इतिहास बघितला तर संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी त्यात खूप काही आहे. कारण इथे दोन चांगले अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, आणि कायद्याला त्यांच्यामधून वाट काढावी लागते.

टेलिफोनची बिलं काय सांगतात

१९९७ साली टोरंटोच्या डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्याकडे मोबाईल होता आणि ज्यांच्या गाडीला अपघात झाला होता, असे ६९९ चालक त्यांनी घेतले आणि त्यांच्या फोनच्या बिलांच्या नोंदी तपासल्या. (हे सगळे साधे वाहनचालक होते, ट्रकवाले नव्हेत, हे लक्षात ठेवा.)

आता त्यांची पद्धत बघा. फोन वापरणारे आणि न वापरणारे अशी तुलना केली असती तर लगेच शंका आली असती, की फोन वापरणारी माणसं मुळातच घाईतली असतील. म्हणून त्यांनी प्रत्येक चालकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत तो फोनवर होता का, आणि आदल्या दिवशी त्याच वेळी होता का? याला केस-क्रॉसओव्हर म्हणतात. उत्तर आलं, फोनवर असताना अपघाताचा धोका साधारण ४.३ पट. आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा सुरक्षित असल्याचं काही दिसलं नाही.

पुढे २००३ मध्ये युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटरमध्ये याचं एक कारण दाखवलं. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्या चालकांनी ज्या गोष्टींकडे थेट पाहिलं होतं, त्याही त्यांना नंतर कमी ओळखता आल्या. म्हणजे डोळे रस्त्यावर होते, मन नव्हतं.

हे फक्त प्रयोगशाळेतलं आहे असं समजू नका. नोव्हेंबर २००४ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाजवळ एका प्रवासी बसचा चालक हँड्सफ्रीवर बोलत होता. पुढच्या कमानी पुलाची उंची कमी असल्याचे फलक रस्त्यावर लागले होते. ते त्याला दिसलेच नाहीत आणि बस पुलाला धडकली. अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्यानंतर प्रवासी वाहनांच्या व्यावसायिक चालकांसाठी फोनबंदीची शिफारस केली.

केबिनमधला कॅमेरा काय सांगतो

दुसरा अभ्यास २००९ चा, व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेचा. यात खरे ट्रक होते, २०३ व्यावसायिक चालक होते आणि सुमारे ३० लाख मैलांचा प्रवास कॅमेऱ्यांनी टिपलेला होता. धोक्याच्या प्रत्येक प्रसंगाआधीच्या काही सेकंदांत चालक काय करत होता, हे व्हिडिओत बघून मोजलं गेलं.

मेसेज टाइप करताना धोक्याच्या प्रसंगाचं ऑड्स रेशो २३.२ निघालं. नंबर फिरवताना ५.९. कंपनीने दिलेल्या डिस्पॅच यंत्राकडे बघताना किंवा ते हाताळताना ९.९. आणि नुसतं फोनवर बोलताना? हातातल्या फोनवर धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही, हँड्सफ्रीवर तर तो कमी दिसला. मेसेज करणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ५५ मैल वेगाने एवढ्या वेळात ट्रक ११० मीटरहून जास्त पुढे जातो.

मग टोरंटो खरं की व्हर्जिनिया? थांबा, बाजू घ्यायच्या आधी दोघांनी काय मोजलं ते बघा. टोरंटोत मोजले गेले प्रत्यक्ष अपघात, पण बिलाच्या नोंदीवरून चालकाचे हात आणि डोळे कुठे होते ते कळत नाही. व्हर्जिनियात डोळे आणि हात स्पष्ट दिसतात, पण कॅमेऱ्याला मन दिसत नाही. शिवाय तिथले धोक्याचे प्रसंग एकूण ४,४५२ होते आणि त्यात खरे अपघात फक्त २१. बाकी सगळं थोडक्यात टळलेल्या टकरी, अचानक कराव्या लागलेल्या हालचाली आणि नकळत लेन सोडणं. म्हणून 'मेसेज केल्याने अपघाताचा धोका २३ पट' असं कुठे वाचलंत तर ते वाक्य तसंच्या तसं उचलू नका. मूळ अभ्यास तसं म्हणत नाही.

नियम कसा बनला

सप्टेंबर २०१० मध्ये व्यावसायिक चालकांच्या मेसेज करण्यावर केंद्रीय बंदी आली. इथे फारसा वाद नव्हता, दोन्ही बाजूंचे पुरावे एकाच दिशेला होते. वाद होता बोलण्याचा.

त्याच वर्षी २६ मार्चला केंटकी राज्यात मन्फर्डव्हिलजवळ एक ट्रक दुभाजक ओलांडून समोरच्या व्हॅनवर आदळला होता. ट्रकचालकासह ११ जण गेले. चौकशीत दिसलं, की आधीच्या २४ तासांत चालकाने गाडी चालवताना कॉल आणि मेसेजसाठी ६९ वेळा फोन वापरला होता. शेवटचा कॉल लावल्याची वेळ आणि ट्रकने रस्ता सोडल्याची वेळ एकच होती. सप्टेंबर २०११ मध्ये सुरक्षा मंडळाने शिफारस केली, की व्यावसायिक परवाना असलेल्यांना हँड्सफ्रीही नको, आणीबाणी सोडून फोनच नको.

पण हे मंडळ फक्त शिफारस करू शकतं, नियम करतो वाहतूक विभाग. डिसेंबर २०११ मध्ये त्याचा नियम आला आणि ३ जानेवारी २०१२ पासून लागू झाला. त्यात हातातल्या फोनवर बंदी आहे, हँड्सफ्रीला परवानगी. विभागाचं म्हणणं असं, की नुसत्या बोलण्याने लक्षणीय धोका होतो हे स्पष्ट नाही, फोन शोधणं, घेणं आणि नंबर फिरवणं यातला धोका मात्र स्पष्ट आहे. एक बटण आलं ते इथून. ते कॅमेऱ्याच्या आकडेवारीतून निघालंय.

नियमाच्या बाकीच्या कडाही बघा. सिग्नलला उभा असलेला ट्रकही 'चालवणं' यातच धरला जातो. ट्रकवाल्यांचा जुना सीबी रेडिओ मोबाईलच्या व्याख्येत येत नाही. डिस्पॅच यंत्रावर मेसेज टाइप करायला बंदी आहे, पण त्याचे बाकीचे उपयोग चालतात, जरी त्याचा आकडा नंबर फिरवण्याहून मोठा होता. दंड तेव्हा चालकाला २,७५० डॉलरपर्यंत आणि चालकाला फोन वापरू देणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत ठेवला होता. तीन वर्षांत दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर ६० दिवस ट्रक चालवता येत नाही. ज्याचं पोट चाकावर आहे, त्याला हे ६० दिवस दंडापेक्षा जड जातात.

तुमच्या कामासाठी यातून काय घ्यायचं

तुम्ही जे मोजता, तेवढंच पुढे दिसतं. व्हर्जिनियाच्या संशोधकांनी हात आणि डोळे मोजले, म्हणून कायद्याची रेघ हातापाशी पडली. त्यांनी चूक केली असं अजिबात नाही. पण जे मोजलं गेलं नाही ते 'नाही' असं धरलं जातं, आणि ते धरणारा माणूस बहुतेक वेळा संशोधक नसतो.

आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याच्या यादीत जी साधनं आली, ती हातात धरून वापरायचीच. कानात इअरफोन घालून बोलत जाणाऱ्याचा हात मोकळा असतो, म्हणून तो त्या शब्दांत बसत नाही.

तेव्हा दोन अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध दिसले, की कोण बरोबर हे लगेच विचारू नका. आधी वहीत तीन रकाने आखा: कोणाला मोजलं, कशाने मोजलं, आणि 'घटना' कशाला म्हटलं. बऱ्याचदा भांडण तिसऱ्या रकान्यात असतं, आणि तुमचा संशोधन प्रश्नही तिथेच सापडतो.