देहू उभे करणारे साहेबमामा

उंद्रीचा आणि सिंदखेडराजाचा जिल्हा एकच. आमच्या बुलढाण्याने स्वराज्याला जिजाऊ दिल्या, हे आम्ही उर्दू शाळेतही अभिमानाने शिकवतो. एकदा शिवकालावरचा जुना चित्रपट पाहून आलेल्या मुलाने वर्गात विचारले, ‘सर, पिक्चर में अपने लोग खाली खानच रहते क्या?’ प्रश्न लहान होता, पण आमच्यापाशी उत्तर तयार नव्हते.

मुलाचे काही चुकले नव्हते. अफझलखान आणि शाहिस्तेखान त्याला पडद्याने दाखवले होते. ते इतिहासात होतेच, ते नाकारण्याचे कारण नाही. पण १६७९ मध्ये खांदेरीसाठी इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंजणारा शिवरायांच्या आरमाराचा सरदार दौलतखानही इतिहासातच होता. महाराजांच्या पदरी असलेले काझी हैदरही होते. ही नावे मात्र आम्हाला पुस्तकातून शोधून सांगावी लागली.

मग आम्ही मुलांना आणखी एक नाव सांगितले, शेख फत्तेलाल. नावातल्या ‘लाल’मुळे हा आपला माणूस असेल, हे आमच्याही बरीच वर्षे ध्यानात आले नव्हते. सिनेसृष्टीत ते ‘साहेबमामा’ म्हणून ओळखले जात. चित्रकलेचा हात घेऊन ते कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. १९२९ साली व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. तिथेच १९३६ साली दामले-फत्तेलाल या जोडीने ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’ही याच जोडीचा.

विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पाहून महाराष्ट्राने हात जोडले. त्या तुकोबांचे घर, अंगण, गाव कसे दिसावे, हे ठरवणाऱ्यांत एक मुसलमान कलावंत होता. त्याला देहू परके वाटले नाही, आणि दामल्यांना तो परका वाटला नाही. दोघांनी मिळून वारकऱ्यांचे जग उभे केले. मराठी संस्कृतीत आपला वाटा किती, असे विचारणाऱ्यांना याहून सरळ उत्तर काय द्यावे?

तरीही मुलाच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. कॅमेऱ्यामागे आपण होतो, पण पडद्यावर आपल्याला काय वेष मिळाला, हा प्रश्न उरतोच. ‘प्रभात’ने १९४१ साली ‘शेजारी’ काढला. तो ऐतिहासिक नव्हता, पण त्यातले मिर्झा हे गावातले साधे, मैत्री जपणारे शेजारी होते. ती भूमिका गजानन जागीरदारांनी केली. त्याच कथेच्या हिंदी ‘पडोसी’त हिंदू शेजारी मजहर खान यांनी रंगवला. धर्म बदलून केलेल्या या भूमिका लोकांनी आपल्या मानल्या. वर्तमानातला मिर्झा शेजारी होऊ शकतो, तर इतिहासातला दौलतखान सोबती का होऊ नये?

ही तक्रार केवळ निर्मात्यांकडे करून भागणार नाही. पडद्याआधी कागद लागतो. दौलतखानाची कथा, साहेबमामांचे चरित्र आपल्यापैकी कुणी मराठीत मन लावून लिहिले, तर उद्या ते पडद्यावर येईल. वर्गातला तो मुलगा अजून उत्तराची वाट पाहतो आहे. आम्ही त्याला सांगितले आहे, ‘बेटा, तूच लिख.’ पण त्याच्याआधी लिहिणे आपले काम आहे.